लेकरांना घेऊन शिखराच्या वाटेवर: वाचकांचे प्रश्न

नाताळची सुट्टी जवळ आली की नागपूरकरांचे बेत दोन दिशांना जातात, एक पचमढीकडे आणि दुसरा सह्याद्रीकडे. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन डोंगराचा माथा गाठू पाहणाऱ्या पालकांची आहेत. त्यातले जे प्रश्न इतरांच्याही कामी येतील, ते इथे घेतले. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट सारखी दिसली: चढायचा हिशेब सगळ्यांनी केला आहे, उतरायचा कुणीच केलेला नाही. म्हणून उत्तरांत उतरणीबद्दल मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळसूबाईला जायचं म्हणतोय. ओळखीचे लोक सांगतात, तीन तासांत माथा येतो. मुलगा रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर पळतो, दमत नाही. त्याला झेपेल का? किती वाजता निघावं?
(मानेवाडा, नागपूर)

तीन तास हा सवयीच्या मोठ्या माणसाचा वेळ आहे, आणि तोही फक्त चढायचा. स्वतः मांडून पाहा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. बारी गावातून निघालात तर चढ साडेआठशे ते नऊशे मीटरचा आणि वाट एका बाजूने सहा किलोमीटरच्या पुढे. अंतराचा सव्वा तास, चढाचा दीड तास, म्हणजे पावणेतीन. लोक म्हणतात ते तीन तास इथून येतात.

सहा वर्षांच्या मुलासाठी याची दीडपट करा आणि दर तासाला दहा-बारा मिनिटांचा थांबा धरा. साडेचार ते पाच तास झाले. आता उतरण. मोठी माणसं दोन-अडीच तासांत खाली येतात, मुलाला साडेतीन तास धरा. तुमच्या गुडघ्याला लागणारा दगड त्याच्या मांडीला लागतो. तो उतरताना प्रत्येक वेळी बसावं लागतं, नाहीतर उडी मारावी लागते. उड्या मारत उतरणारं मूल तासाभरात पाय टाकायला कुचराई करू लागतं आणि मग घसाऱ्यावर पडतं. घसारा म्हणजे कातळावर पसरलेला बारीक मुरूम. चढताना तो जाणवत नाही, उतरताना मात्र गोट्यांवरून चालल्यासारखा सरकतो.

माथ्यावरचा अर्धा तास धरून एकूण नऊ तासांचा दिवस झाला. आता सूर्य पाहा. नागपुरात डिसेंबरअखेरीस पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. कळसूबाई आपल्यापेक्षा बरीच पश्चिमेला, त्यामुळे तिथे सूर्यास्त वीसेक मिनिटांनी पुढे, सहाच्या सुमारास. पण सूर्य उगवतोही तितकाच उशिरा, सातला. नागपूरच्या सवयीने साडेपाचला निघालात तर तासभर अंधारात चालाल, आणि मुलं सुरुवातीलाच बुजतील. साडेसहाला, झुंजूमुंजू झाल्यावर निघा. प्रत्येकाच्या डोक्याला बॅटरी हवी, मुलांच्याही.

परत फिरायची वेळ साडेअकरा. पाच तासांत माथा आला तर उत्तम. नाही आला तर जिथे असाल तिथून वळायचं, माथ्याखालची लोखंडी शिडी समोर दिसत असली तरी. बाराला उतरायला लागलात तर साडेतीनला गावात पोचता आणि हाताशी अडीच तासांचा उजेड उरतो. पाय मुरगळला, शिडीपाशी रांग लागली, मूल झोपलं, तर हाच उजेड कामी येतो. आमची सूचना अशी की घड्याळ नऊ वर्षांच्या मुलीच्या मनगटावर बांधा आणि साडेअकरा झाले हे जाहीर करायचं काम तिला द्या. मोठी माणसं माथ्याच्या मोहात ‘अजून दहाच मिनिटं’ म्हणतात. दिलेलं काम मुलं चोख करतात.

मैदानावरच्या दोन तासांवरून अंदाज बांधू नका. तिथे मूल पळतं, थांबतं, पुन्हा पळतं. डोंगरावर एकाच चालीने तासन्‌तास जायचं असतं. आणि मुलं मोठ्यांसारखी हळूहळू मंदावत नाहीत. शेवटपर्यंत उड्या मारतात आणि मग एकदम खाली बसतात.

आपलं शहर सपाट, तेव्हा सराव जिन्यावर करा. एक मजला साधारण तीन मीटरचा, म्हणजे कळसूबाई जवळजवळ २९० मजल्यांची. तितके चढायची गरज नाही. तीन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सलग दहापासून सुरू करून चाळीस मजल्यांपर्यंत या, आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. दुखतं ते उतरण्यानेच. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे दुखणं त्या दिवशी न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. त्यानंतर एका रविवारी रामटेकला जा, अंबाळ्याच्या बाजूने पायऱ्या चढून गडमंदिरापर्यंत. खाली येऊन पुन्हा एकदा चढायला सांगा. दुसऱ्या फेरीला मुलगा स्वतःहून निघाला आणि सोमवारी सकाळी कुरकुर न करता जिना उतरला तर कळसूबाईचा विचार करा. नाही निघाला तर यंदा मुलीला न्या, त्याला पुढच्या वर्षी.

आणखी एक. नागपूरहून रात्रभर रेल्वेत बसून इगतपुरीला उतरायचं, घोटीमार्गे बारी गाठायचं आणि तसंच चढायला लागायचं, हे करू नका. एक रात्र गावात मुक्काम करा. अर्धवट झोपलेलं मूल दहा वाजताच संपतं.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांची मला भीती वाटते. सात वर्षांच्या मुलीला ओढणीने किंवा दोरीने माझ्या कमरेला बांधून नेऊ का?
(धरमपेठ, नागपूर)

नाही, अजिबात नाही. दोरीचं दुसरं टोक पक्क्या आधाराला बांधलेलं नसेल आणि दोर सांभाळणारा माणूस त्यात तयार नसेल, तर दोरी वाचवत नाही. एक जण घसरला की दुसऱ्यालाही ओढून नेते.

शिडीवर असं जा. मुलगी पुढे, तुम्ही तिच्या लगेच मागे, एक पायरी खाली, तुमचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंनी कठड्यावर. तिची पाठ तुमच्या छातीला जवळजवळ लागली पाहिजे. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं, उरलेली तीन लोखंडाला टेकलेली. उतरताना दोघींचं तोंड शिडीकडे, आणि आधी तुम्ही उतरायचं, म्हणजे पुन्हा तुम्हीच तिच्या खाली असाल. मुलं उतरताना हमखास तोंड बाहेर करून, जिना उतरल्यासारखी यायला बघतात. पहिल्या पायरीलाच थांबवा.

शिडी चढण्याआधी हात मोकळे करा: बाटली, मोबाइल, काठी सगळं पिशवीत. ओढणी किंवा मफलरचं टोक लोंबतं ठेवू नका. लोकरीचे हातमोजे काढा, ते लोखंडावर सरकतात. हे सगळं घरी करून पाहता येतं. सोसायटीच्या गच्चीवर टाकीकडे जाणारी भिंतीची शिडी असते, तिच्या खालच्या चार-पाच पायऱ्यांवर खाली उभं राहून सराव करून घ्या.

रविवार आणि नवरात्र टाळा. नवरात्रात देवीच्या दर्शनाला मोठी गर्दी होते आणि चढणारे-उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात. लोखंड ओलं असेल, पाऊस किंवा विजा असतील, तर शिडीपाशी जायचंच नाही.

मुलीला वरून एका हाताने ओढून घेऊ नका, ही सूचना इथे मुद्दाम देतो. हात सरळ असताना अचानक हिसका बसला की लहान मुलांचं कोपर निखळतं. एक ते चार वर्षांत हे जास्त होतं, पण सहा-सात वर्षांतही होऊ शकतं. मूल हात पोटाशी धरून ठेवतं आणि हलवू देत नाही. असं झालं तर ओढून बसवण्याचा खटाटोप न करता गळपट्टीत हात अडकवून डॉक्टरांकडे न्या. उंच दगडावर चढवायचं तर दोन्ही काखांत हात घालून उचला.

आमचं बाळ चौदा महिन्यांचं आहे. पचमढीला धूपगडावर पायी जायचं आहे. आजी म्हणते, दुपट्ट्यात पाठीशी बांधून ने. चालेल?
(वर्धमाननगर, नागपूर)

आजीचं बरोबर आहे, पण ते घर आणि शेतापुरतं. पाच-सहा तासांच्या डोंगरवाटेवर दुपट्टा सैल होत जातो, बाळ खाली सरकतं आणि त्याची हनुवटी छातीला टेकते. त्यामुळे श्वास कोंडतो. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं बसली पाहिजेत, हे कोणत्याही झोळीला लागू आहे.

चौदा महिन्यांचं मूल मान धरून नीट बसतं, तेव्हा फ्रेम असलेलं पाठीवरचं कॅरिअर घ्या. भाड्यानेही चालेल. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा पाहा. बहुतेकांची मूल, सामान आणि कॅरिअर मिळून १८ ते २२ किलो असते. कॅरिअरच तीन किलोंच्या आसपास, बाळ दहा किलो; राहिलं ते डायपर आणि पाणी. भार खांद्यावर न ठेवता कमरेच्या पट्ट्यावर घ्या: आधी कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर आवळा, मग खांद्याचे. बाळाचे गुडघे नितंबाच्या पातळीला किंवा थोडे वर राहिले पाहिजेत आणि पाय टेकायला आधार हवा. पाय नुसते लोंबत राहिले की मांडीखाली पट्टा रुततो आणि पायाला मुंग्या येतात. दर अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला बाहेर काढून जमिनीवर सोडा.

नेहमी होणारी चूक थंडीची. वाहणारा माणूस घामाघूम होतो, त्याला उकडतं, म्हणून तो बाळाचंही जॅकेट काढतो. बाळ मात्र चालत नसतं, वाऱ्यात नुसतं बसलेलं असतं. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. नागपूर ३१० मीटरवर, धूपगड १,३५२ मीटरवर, म्हणजे वर आपल्यापेक्षा सुमारे सात अंश कमी, आणि वारा वेगळा. डिसेंबर-जानेवारीत पचमढीत पहाटे पारा पाचाच्या खाली जाऊ शकतो. हाताची बोटं गार लागली म्हणून घाबरू नका आणि गाल गरम म्हणून निश्चिंत होऊ नका. मानेमागे, कपड्याच्या आत हात लावून पाहा. ती जागा गार असेल तर एक थर वाढवा, ओली असेल तर एक थर कमी करा.

धूपगडाची एक सोय मोठी आहे: वरपर्यंत जिप्सी जाते. बाळ बरोबर असताना पायी वर जा आणि येताना जिप्सीने या. पाठीवर मूल असताना तोल जातो तो उतरतानाच. हा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, म्हणून परवाना आणि गाडीची वेळ आदल्या दिवशी पचमढीत ठरवून घ्या. चौरागडची गोष्ट वेगळी. तिथे हजाराहून अधिक पायऱ्या आहेत आणि जसे चढलात तसेच उतरावं लागतं. वाटेत त्रिशूळ घेऊन जाणारे भाविक आणि माकडं, दोन्ही असतात. चौदा महिन्यांच्या बाळासाठी आम्ही धूपगडच सुचवू.

मुलं चढताना पाणी प्यायला मागतच नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात. ओआरएस आधीच देऊन ठेवावं का? खायला काय न्यावं?
(सक्करदरा, नागपूर)

तहान लागेपर्यंत थांबू नका. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, ठरवून द्या. पाच ते आठ वर्षांच्या मुलासाठी दिवसभराला दीड लिटर धरा, ऊन असेल तर दोन. स्वतःच्या पाठीवर त्याने वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त घेऊ नये. अठरा किलोचं मूल असेल तर अर्धा लिटरची बाटली, स्वेटर, शिट्टी आणि डबीभर खाऊ एवढंच. उरलेलं पाणी तुमच्याकडे.

साधं पाणी आणि खारं खाणं एवढं बहुतेक मुलांना पुरतं. ओआरएस उलट्या-जुलाब झाले किंवा खूप घाम गेला तर द्या. मात्र मोठं पाकीट एक लिटरचं आणि छोटं २०० मिलिलिटरचं असतं. लोक मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, मग ते दुप्पट खारट होतं आणि मुलाची तहान आणि उलटी दोन्ही वाढवतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

खाणं दर तासाला, थोडं थोडं. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या. संत्री न्याच, डिसेंबरात आपल्याकडे भरपूर असतात. पाणीही मिळतं आणि सोलण्यात मुलांचा थांबाही सत्कारणी लागतो. सालं पिशवीत परत आणा. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे चालता चालता देऊ नका, ठसका लागून घशात अडकतात. त्याच्यासाठी लाडू करून न्या.

शाळेचेच बूट घालून न्यावं की ट्रेकिंगचे घ्यावेत? मागच्या वेळी मुलीच्या अंगठ्याचं नख काळं पडलं.
(काटोल)

नख काळं पडलं ते उतरताना. पाय बुटात पुढे सरकतो आणि प्रत्येक पावलाला अंगठा आपटतो. कारण बूट लहान असेल, नाहीतर नाडी सैल. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानातल्या पायऱ्यांवर तोंड खाली करून उभं करा. बोटं टेकली तर मोठा नंबर. उतरायला लागताना नाडी पुन्हा बांधा, घोट्याजवळ घट्ट, बोटांवर सैल. आदल्या दिवशी नखं सरळ कापा.

महागडे ट्रेकिंगचे बूट घ्यायलाच हवेत असं नाही, मुलांचे पाय सहा महिन्यांत वाढतात. पण शाळेच्या बुटाचा गुळगुळीत तळ घसाऱ्यावर टिकत नाही. खाचांचा तळ असलेले खेळाचे बूट पुरतात, दोन आठवडे आधीपासून वापरलेले. सुती मोजे घामाने ओले होऊन फोड आणतात, एक जोड जास्त ठेवा. ‘इथे चुरचुरतंय’ म्हणाली की तिथेच बसून कागदी चिकटपट्टी लावा, फोड येण्याची वाट पाहू नका.

नऊ वर्षांच्या मुलाला उत्तराखंडातल्या केदारकंठाला नेता येईल का?
(हिंगणा रोड, नागपूर)

पायांना झेपेल, प्रश्न हवेचा आहे. पायथ्याचं सांक्री गाव साधारण १,९०० मीटरवर आणि माथा सुमारे ३,८०० वर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, आणि मुलाला तो नीट सांगता येत नाही. जेवण नको म्हणणं, विनाकारण चिडचिड, खेळ सोडून पडून राहणं, उलटी ही लक्षणं दिसली तर दुसरं कारण सापडेपर्यंत उंचीचाच त्रास समजा. त्या दिवशी वर जायचं नाही. कमी झालं नाही तर रात्र असली तरी खाली आणा. बसलेला असतानाही धाप लागत असेल किंवा तोल जात असेल तर क्षणभरही थांबू नका. तीन हजारांच्या वर रोजची झोपायची जागा ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. त्यामुळे आयोजकांना पहिला प्रश्न हा विचारा की मुक्काम किती उंचीवर आहेत आणि जास्तीचा एक दिवस ठेवला आहे का. दुसरा प्रश्न, बर्फावर बुटांना लावायचे काटे मुलाच्या मापाचे आहेत का. मोठ्यांचे काटे लहान बुटावरून निसटतात. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मूल मध्येच खाली बसलं आणि ‘नाही येत’ म्हणालं, तर हट्ट कसा ओळखावा?
(मानेवाडा, नागपूर)

आधी हट्ट नाही असं धरून चला. पाणी आणि गूळ द्या, बूट काढून पाय पाहा, मानेमागे हात लावा. दहा मिनिटांत पुन्हा बडबड सुरू झाली तर भूक होती. इतर मुलांकडे पाहून उठलं तर कंटाळा होता. त्याला पुढे घाला, वाट दाखवायचं काम द्या. खाऊनही गप्प राहिलं, कुडकुडत असेल, शब्द अडखळत असतील किंवा ऊन असून घाम येत नसेल, तर मोहीम तिथेच संपली. लक्षात ठेवा, इथून पुढची उतरण त्याला स्वतःच्या पायांनीच उतरायची आहे. त्यासाठी त्याच्यात त्राण उरलं पाहिजे, म्हणून पूर्ण दमण्याआधी वळा.

डोंगरावर आग्या मोहोळ उठलं तर मुलांना घेऊन काय करावं?
(रामटेक)

आधीची काळजी: अत्तर, सुवासिक तेल आणि डिओडरंट नको, मोहोळाखाली धूर, दगड किंवा आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर झोपून राहू नका आणि हात झाडत बसू नका. मुलाचं डोकं-तोंड दुपट्ट्याने झाकून उचला आणि जितकं लांब जाता येईल तितकं जा, शक्यतो दाट झाडीत किंवा बंद गाडीत. मात्र कड्याच्या दिशेने पळायचं नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. लांब गेल्यावर नांगी नखाने खरवडून काढा. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. ओठ-डोळे सुजणं, श्वासात घरघर, सारख्या उलट्या किंवा अंगभर गांधी यांतलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि खाली न्यायला सुरुवात करा. लहान मुलाला पाच-सातहून जास्त डंख असतील तर त्रास दिसत नसला तरी रुग्णालयात दाखवा.